ज्येष्ठ नागरिकांचे सवलत कार्ड : बिल होण्याआधी दाखवावे, टक्के कशावर ते विचारावे

ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र हातात आल्यानंतर पहिले काही महिने बहुतेक माणसे ते पैसे देऊन झाल्यावर दाखवतात. मीही तेच केले. औषधांच्या दुकानात बिल छापून झाले, पैसे दिले, उरलेले सुटे खिशात टाकले आणि मग आठवण झाली म्हणून कार्ड पुढे केले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने सौजन्यानेच सांगितले, ‘काका, बिल निघालं. पुढच्या वेळी आधी सांगा.’ त्यात त्याची चूक नव्हती, कारण एकदा संगणकातून निघालेले बिल रद्द करून नवे काढणे हे त्याच्या दृष्टीने दुप्पट काम असते आणि मागे रांग उभी असते. 35 वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबांवर लाल खुणा करण्यात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या बिलात अशी चूक करावी, हे मात्र मला बरे वाटले नाही. त्या दिवशी एक वही केली आणि सवलत कोठे, किती आणि मुख्य म्हणजे कशावर मिळाली, हे तीत लिहू लागलो. पुढे जे सांगत आहे ते बहुतांशी त्या वहीतले आहे.

एक कार्ड नव्हे, चार

आपण बोलताना ‘ज्येष्ठांचे कार्ड’ असे एकच नाव घेतो, पण त्या नावाखाली किमान चार निरनिराळ्या वस्तू येतात आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. पहिली वस्तू म्हणजे महसूल खात्याचे ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र, ज्यासाठी सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करता येतो. सोलापूर शहरातील रहिवाशांचे हे काम उत्तर सोलापूर तहसील कार्यालयाकडे येते. दुसरी वस्तू म्हणजे आपले नेहमीचे आधार कार्ड, जे सवलतीचे कार्ड नसले तरी वयाचा पुरावा म्हणून सर्वांत जास्त वेळा तेच खिशातून निघते. तिसरे आयुष्मान वय वंदना कार्ड, जे उपचारांसाठी आहे. आणि चौथी म्हणजे खासगी रुग्णालये, प्रयोगशाळा, मोठी दुकाने यांनी आपापली काढलेली कार्डे, ज्यांपैकी काही फुकट असतात आणि काहींना वार्षिक वर्गणी असते. यांपैकी एकाची सवलत दुसऱ्या कार्डावर मागितली, तर ती मिळत नाही आणि वर चारचौघांत ओशाळे व्हावे लागते.

वयाची अटही सगळीकडे सारखी नाही. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात 60 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ मानली जाते, बँकाही सामान्यतः 60 च धरतात. परंतु एसटीत निम्म्या तिकिटासाठी 65, उपचारांच्या वय वंदना कार्डासाठी 70 आणि एसटीच्या मोफत प्रवासासाठी 75 वर्षे पूर्ण असावी लागतात. आमच्या शेजारचे गृहस्थ 62 वर्षांचे आहेत. तहसीलचे ओळखपत्र मिळाल्याच्या आनंदात ते एसटीत बसले, ओळखपत्र दाखवले आणि तरीही पूर्ण तिकीट काढावे लागले, तेव्हा ते वाहकावर रागावले. ओळखपत्र खरे होते आणि वाहकही बरोबर होता.

अर्ज करण्यापूर्वी एक काम मात्र जरूर करावे : आपल्या सर्व कागदांवर जन्मतारीख एकच आहे ना, ते समोर मांडून पाहावे. आपल्या पिढीत शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली 1 जून ही जन्मतारीख घरोघरी सापडते. माझ्या वर्गातील निम्मी मुले कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेली होती. शाळेच्या दाखल्यावर 1 जून, पॅनवर आईने सांगितलेली तिथीवरून काढलेली तारीख आणि आधारवर नुसते जन्मवर्ष, अशी तीन कागदांची तीन तोंडे असतील, तर सवलतीच्या प्रत्येक खिडकीवर नवा वाद उभा राहतो. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करून मिळते, त्यामुळे कोणता पुरावा जोडायचा हे नीट ठरवून, मगच दुरुस्तीला जावे. त्याच फेरीत आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे की नाही हेही पाहून घ्यावे. मुलाच्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या क्रमांकाला आधार जोडलेले असणे ही या सगळ्या प्रकरणातील सर्वांत सामान्य अडचण आहे, कारण ओटीपी त्या मेलेल्या क्रमांकावर जातो आणि माणूस खिडकीपाशी ताटकळतो.

तहसीलच्या ओळखपत्रासाठी वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. त्यावर रक्तगट आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे त्याचा क्रमांक असतो. आधारच असताना हे वेगळे कशाला, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या खिशातील आधार कार्डावरून घरी फोन लावता येत नाही.

एसटी : तिघांची तीन तिकिटे

सोलापूरकर ज्येष्ठाला रोख फायदा सर्वांत जास्त कोठे होत असेल, तर तो एसटीत. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही आपली नेहमीची ठिकाणे असल्यामुळे महिन्यातून एखादी फेरी होतेच. गेल्या पौर्णिमेला आम्ही तिघे तुळजापूरला गेलो : मी 68 वर्षांचा, सौ. 62 वर्षांची आणि माझी थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती 77 वर्षांची. हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्ण तिकीट 100 रुपये धरू. माझे 65 पूर्ण असल्यामुळे मला 50 रुपये पडले. सौभाग्यवतीचे वय 65 नसूनही तिलाही 50 च पडले, कारण 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व वयांच्या महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. तिला ज्येष्ठांचे कार्ड काढायची गरजच नव्हती. आणि अक्काला शून्य, कारण 26 ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे 300 रुपयांच्या जागी 100 रुपये झाले, तेही तीन वेगवेगळ्या नियमांनी. वाहकाला ‘तीन सीनियर’ असे एका दमात सांगितले की तो गोंधळतो. त्यापेक्षा ‘एक अमृत, एक महिला, एक ज्येष्ठ’ असे सांगावे, तो एका फटक्यात तिकिटे काढून देतो.

अक्काच्या बाबतीत एक गोष्ट आम्हांला शिकावी लागली. प्रवास मोफत म्हणजे तिकीटच नाही असे नव्हे : शून्य रकमेचे तिकीट वाहकाकडून मागून घ्यावे आणि उतरेपर्यंत जपावे. तपासनीस गाडीत चढला तर तो वय विचारत नाही, तिकीट विचारतो. आगाऊ आरक्षण केले, तर तिकीट शून्य असले तरी आरक्षणाचा आकार द्यावा लागतो, आणि त्यात वावगे काही नाही; शिवशाहीने पुण्याला जाताना खिडकीपाशीची जागा ठरलेली असणे हे त्या थोड्या पैशांच्या मोलाचे आहे. ओळखपत्र मात्र मूळ किंवा मान्य डिजिटल स्वरूपातले जवळ असावे. आधारची झेरॉक्स घडी घालून घालून फाटलेली, तीवरचा चेहरा काळाठिक्कर पडलेला, अशा अवस्थेत वाहकाने ती नाकारली तर त्याला दोष देता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त जाचते, ती म्हणजे राज्याची हद्द. या सगळ्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत आहेत. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाऊन तेथून गाणगापूरला जाणारी कितीतरी माणसे आहेत, आणि अक्कलकोट महाराष्ट्रात असले तरी गाणगापूर कर्नाटकात आहे. तसेच विजापूर रस्त्याने भीमा ओलांडली की आपली सवलत संपते. हद्दीपुढच्या टप्प्याचे पूर्ण भाडे पडते, अक्कालासुद्धा. शिवाय सोलापूरच्या स्थानकावर कर्नाटकच्याही गाड्या लागतात आणि त्यांत महाराष्ट्र एसटीची सवलत चालत नाही. रंगावरून नव्हे, तर पाटी वाचून गाडीत चढावे. घाईत चढलेला माणूस गाडी सुटल्यावर तिकिटाचा आकडा ऐकून चकित होतो. शहरातील महापालिकेच्या बसलाही अमृत योजना लागू नाही, हे येथेच सांगून टाकतो. एसटीच्या ओळखपत्रांच्या आणि स्मार्ट कार्डांच्या नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून लांबच्या प्रवासाआधी आगाराच्या चौकशी खिडकीवर ‘सध्या कोणते ओळखपत्र चालते’ एवढे विचारून घेण्याची सवय ठेवावी.

रेल्वेत काय उरले आहे

रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत, म्हणजे 60 वर्षांवरील पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरील महिलांना 50 टक्के, ही 20 मार्च 2020 पासून बंद झाली. आजही काही जण आरक्षण खिडकीवर ती मागतात आणि हिरमुसून परततात. पैशांची सवलत गेली तरी खालच्या बर्थची सोय मात्र कायम आहे आणि गुडघे कुरकुरू लागलेल्या माणसाला तीच अधिक मोलाची आहे. 60 वर्षांवरील पुरुष आणि 45 वर्षांवरील महिला यांच्यासाठी प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ वेगळे ठेवलेले असतात. त्यासाठी तिकीट काढताना ज्येष्ठांचा कोटा निवडावा लागतो, आणि एका तिकिटावर एक किंवा फार तर दोनच प्रवासी असावे लागतात व दोघेही त्या वयाच्या अटीत बसावे लागतात. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मुलगा, सून, नातू आणि आजी-आजोबा अशा पाच जणांचे एकच तिकीट काढले, तर हा कोटा मिळत नाही आणि आजोबांच्या वाट्याला वरचा बर्थ येऊ शकतो. दोघा ज्येष्ठांचे तिकीट वेगळे काढावे. हुतात्मा एक्स्प्रेस किंवा वंदे भारत यांत बसूनच जायचे असल्याने तेथे हा प्रश्नच येत नाही.

औषधे आणि तपासण्या : टक्के कशावर?

माझ्या वहीतील निम्मी पाने या एका विषयाने भरली आहेत, कारण महिन्याचा ठरलेला खर्च येथे आहे. औषधांच्या दुकानात ज्येष्ठांना सवलत देणे हे दुकानदाराच्या मर्जीवर असते. कोणताही कायदा त्याला ते करायला लावत नाही. त्यामुळे हक्काच्या सुरात न मागता, चिठ्ठी काउंटरवर ठेवताना कार्डही तिच्यावरच ठेवावे आणि विचारावे, ‘ज्येष्ठांना किती टक्के, आणि सगळ्या औषधांवर की काहींवर?’ या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. बरीच दुकाने गोळ्यांवर सवलत देतात आणि इन्सुलिन, पोषणाच्या पावडरी, मधुमेहाच्या पट्ट्या यांना वगळतात किंवा त्यांवर कमी टक्के धरतात. पाटीवर ‘15 टक्क्यांपर्यंत’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द बारीक अक्षरांत असतो, पण बिल त्याच्याच मताने चालते.

समजा, महिन्याच्या गोळ्यांची छापील किंमत 1,400 रुपये आहे आणि दुकान 12 टक्के सोडते. 168 रुपये वाचले, बिल 1,232 रुपये झाले. हे चांगलेच आहे. परंतु त्याच गोळ्यांतील औषधी घटक जनऔषधी केंद्रात मिळत असेल, तर तेथील औषधे बाजारातील ब्रँडच्या मानाने 50 ते 80 टक्के स्वस्त असतात, असे सरकार सांगते, आणि तेथे कोणतेच कार्ड लागत नाही. सर्वांत मोठी सवलत कार्डाशिवाय मिळावी, ही या विषयातली गंमत आहे. मात्र तेथे जाताना स्ट्रिपवरचे मोठे नाव नव्हे, त्याखालचे बारीक नाव आणि मिलिग्रॅम उतरवून घ्यावेत. मेटफॉर्मिन 500 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर ही दिसायला जुळी नावे आहेत, पण दुसरी गोळी शरीरात सावकाश विरघळते आणि तिची मात्रा त्या हिशेबाने ठरलेली असते. एकीच्या जागी दुसरी घेऊन चालत नाही. डॉक्टरांना एकदा विचारून त्यांच्याच हातून औषधी घटकाचे नाव चिठ्ठीवर लिहून घेतले, म्हणजे हा धोका राहत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिट्सच्या औषधांत तर त्यांना विचारल्याशिवाय कोणताही बदल करू नये.

आणखी एक बारीकसारीक गोष्ट. सवलतीच्या मोहाने तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत. आमच्या वयात डॉक्टर दर भेटीत एखादी गोळी बदलतात, आणि कापलेली स्ट्रिप दुकानदार परत घेत नाही. स्ट्रिप कापून घ्यायचीच असेल, तर मुदतीची तारीख छापलेला भाग आपल्याकडे ठेवून मागावा.

तपासण्यांचे टक्के याहून फसवे असतात, कारण औषधावर निदान छापील किंमत असते, रक्ताच्या तपासणीवर ती नसते. ज्या प्रयोगशाळेचे दरपत्रक 900 रुपयांचे आहे तिने 20 टक्के सोडले तर 720 रुपये होतात. पलीकडच्या गल्लीतील प्रयोगशाळा तीच तपासणी कोणतीही सवलत न देता 650 रुपयांत करत असेल, तर 20 टक्क्यांचे कार्ड दाखवून आपण 70 रुपये जास्त दिले. म्हणून फोनवर ‘सवलत किती’ हे विचारूच नये. ‘सगळे धरून हातात किती द्यायचे’ असे विचारावे आणि त्या ‘सगळे’मध्ये घरी येऊन रक्त नेण्याचा आकार येतो का, हेही विचारावे. ज्येष्ठांसाठी म्हणून जी मोठमोठी पॅकेजे विकली जातात, त्यांतील निम्म्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्याच नसतात. न सांगितलेल्या तपासणीवर 60 टक्के सूट मिळाली, तरी उरलेले 40 टक्के आपल्याच खिशातून गेलेले असतात.

चष्म्याच्या दुकानात मी 15 टक्के मिळाले म्हणून खूश होऊन बाहेर पडलो आणि घरी येऊन बिल वाचले. 2,000 रुपयांची फ्रेम, 1,500 रुपयांच्या काचा, आणि 15 टक्के फक्त फ्रेमवर, म्हणजे 300 रुपये. एकूण 3,500 वर हिशेब केला तर ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास भरतात. दुकानदाराने खोटे काही सांगितले नव्हते. मी ‘कशावर’ हे विचारले नव्हते.

वर्गणी भरून घेतलेले कार्ड

वर्गणीच्या कार्डाबाबत माझा स्वतःचा एक धडा आहे. एका खासगी रुग्णालयाने ज्येष्ठांसाठी 600 रुपये वार्षिक वर्गणीचे कार्ड काढले होते आणि त्यावर ‘20 टक्के सवलत’ असे ठळक छापले होते. मी ते घेतले. वर्षभरात तीन वेळा डॉक्टरांना दाखवले. 400 रुपयांच्या फीवर प्रत्येक वेळी 80 रुपये सुटले, म्हणजे 240 रुपये. रक्ताच्या तपासण्या आवारातच होत होत्या, पण ती प्रयोगशाळा कराराने दुसऱ्यांची होती, म्हणून तेथे कार्ड चालले नाही; औषधांचे दुकान वेगळे होते, म्हणून तेथेही नाही. वर्षअखेरीस 360 रुपयांचा तोटा वहीत मांडला. कार्डाच्या मागच्या बाजूला हे सर्व छापलेले होते. अक्षर मुंगीच्या पायाएवढे होते आणि मला तेव्हा चष्मा बदलायचा होता, ही सबब मीच मान्य करत नाही.

तेव्हापासून वर्गणीचे कोणतेही कार्ड घेण्यापूर्वी एक साधे गणित करतो. वर्गणीला सवलतीच्या टक्क्यांनी भागावे आणि 100 ने गुणावे : 600 रुपये आणि 20 टक्के असतील, तर 3,000 रुपयांचा खर्च त्या कार्डात बसणाऱ्या बाबींवर झाला, तेव्हा कोठे वर्गणी वसूल होते. त्याच्या पुढचा खर्च हाच काय तो फायदा. मग गेल्या वर्षीची बिले काढून पाहावीत की त्या ठिकाणी, त्याच बाबींवर आपण खरोखर किती दिले होते. बिले नसतील तर कार्ड घेऊ नये. ज्याला मागचा खर्च माहीत नाही त्याला पुढची बचत कोणीही विकू शकतो. मोठ्या दुकानांच्या फुकट कार्डांनाही किमान खरेदीची अट असते, आणि हंगामी सेलच्या दिवसांत ज्येष्ठांची सवलत त्यात मिळवून देत नाहीत, दोहोंपैकी एक निवडावी लागते. जी मोठी असेल ती घ्यावी. मंगळवार बाजारात मात्र असले काही नाही. तेथे कार्ड चालत नाही, जीभ चालते, आणि विक्रेत्याची भाषा कन्नड किंवा तेलुगू असेल आणि आपल्याला तिचे चार शब्द येत असतील, तर मेथीच्या जुडीत ज्येष्ठांची सवलत आपोआप मिळते.

उपचारांचे कार्ड

70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने आयुष्मान वय वंदना कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवावे. 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झालेल्या या सोयीत उत्पन्नाची अट नाही. निवृत्तिवेतनधारक असो वा बंगल्याचा मालक, आधारवरील वय 70 भरले की पुरे. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात येतात, मात्र ही रक्कम कुटुंबातील 70 वर्षांवरील सर्वांत मिळून आहे, प्रत्येकाला वेगळी नाही. नोंदणी आयुष्मान ॲपवरून घरबसल्या होते आणि तिला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी 14555 हा क्रमांक आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना ज्यांना आहे, त्यांना दोहोंपैकी एक निवडावी लागते. खासगी विमा असलेल्यांना तो ठेवूनही हे कार्ड घेता येते.

हे कार्ड दाखल होऊन घेण्याच्या उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या तपासणीसाठी किंवा महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. रुग्णालयात गेल्यावर खाटेची चौकशी करण्याआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाचा, कक्ष कोठे आहे ते विचारावे आणि त्याला नेमका प्रश्न करावा, ‘या आजारासाठी हे रुग्णालय योजनेत आहे का?’ ‘आयुष्मान चालते का’ हा प्रश्न अपुरा आहे, कारण रुग्णालये विशिष्ट शाखांसाठी यादीत असतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी असलेले रुग्णालय खुब्याच्या सांध्यासाठी असेलच असे नाही. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर ती भरण्याआधी आरोग्यमित्राशी बोलावे.

काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी 65 वर्षांवरील, वार्षिक 2 लाख रुपयांच्या आतील कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी 3,000 रुपये थेट बँक खात्यात मिळतात. गिरणी बंद पडल्यानंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या किंवा आयुष्यभर विड्या वळलेल्या आपल्या शहरातील अनेकांना ही योजना लागू होऊ शकते. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी.

बँकेत कार्ड दाखवून भागत नाही

मुदत ठेवीवर ज्येष्ठांना बहुतेक बँका सुमारे अर्धा टक्का जास्त व्याज देतात, पण तो आपोआप मिळतो असे समजू नये. 59 व्या वर्षी केलेली ठेव 60 वर्षे पूर्ण झाली म्हणून मध्येच वाढीव दरावर जात नाही. तिचे नूतनीकरण होईल तेव्हाच नवा दर लागतो, आणि तोही बँकेच्या नोंदीत आपली जन्मतारीख बरोबर असेल तर. जोडीच्या नावावरील ठेवीत पहिले नाव कोणाचे, यावर दर ठरतो. मुलाचे नाव पहिले आणि आपले दुसरे असेल, तर वाढीव व्याज जाते. पासबुकात डोकावून ठेवीच्या पावतीवरील दर आणि बँकेच्या फलकावरील ज्येष्ठांचा दर एकदा ताडून पाहावेत. 70 वर्षांवरील ग्राहकांना घरी येऊन रोख रक्कम देण्या-घेण्यासारख्या मूलभूत सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये बँकांना सांगितले आहे. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा, तोंडी विनंती कोणाच्या लक्षात राहत नाही.

कार्ड दाखवावे, देऊ नये

दुकानात सवलतीसाठी वय पटवण्यापुरते कार्ड दाखवले की काम संपते. तेथे आधारची झेरॉक्स कोणी मागितली तर देऊ नये, आणि ज्या कार्यालयात ती द्यावीच लागते तेथे प्रतीवर आडवे, मजकुरावरून जाईल असे, कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करावी. ‘तुमचे ज्येष्ठ कार्ड मंजूर झाले आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो कोणत्याही भाषेत आणि कितीही अदबीने आला असला तरी ठेवून द्यावा. व्हॉट्सॲपवर आलेली कार्डाची फाइल उघडू नये. पैसे गेलेच, तर नातवाची वाट न पाहता लगेच 1930 वर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. योजनांची किंवा इतर कोणतीही अडचण असल्यास ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

आमच्या अक्काने यासाठी जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची दोन कप्प्यांची पिशवी शिवली आहे. पुढच्या कप्प्यात तहसीलचे ओळखपत्र आणि आधार, कारण एसटीत ती दोन सारखी लागतात. मागच्या कप्प्यात वय वंदना कार्ड आणि रोजच्या गोळ्यांची नावे मिलिग्रॅमसह लिहिलेला कागद. बँकेचे एटीएम कार्ड तीत ठेवायला तिने साफ नकार दिला, ते कमरेच्या चंचीतच राहते. पिशवीच्या झाकणाच्या आत तिने पांढऱ्या फडक्याची पट्टी शिवून घेतली आहे आणि तीवर माझा मोबाइल क्रमांक न पुसणाऱ्या शाईने, बोटभर उंचीच्या आकड्यांत लिहिला आहे. गाडीत बसल्यावर ती ओळखपत्र काढून हातात धरते आणि वाहक तिच्यापाशी पोहोचण्याआधीच सांगते, ‘अमृत, एक, तिकीट द्या.’